कॉन्व्हेंटमधील मुलींचे सहशालेय उपक्रम: पाचवीपासून दहावीपर्यंतची आखणी

जूनमध्ये शाळा उघडली की वह्यापुस्तकांच्या गठ्ठ्याबरोबर मुलीच्या हातात जाड पुठ्ठ्याची एक छोटी वही पडते. कॉन्व्हेंटमध्ये तिला ‘कॅलेंडर’ म्हणतात. रजेच्या चिठ्ठ्या, उशिरा आल्याचे शेरे आणि गृहपाठ न केल्याच्या नोंदी तिच्यातच होत असल्यामुळे बहुतेक पालक ती फक्त सहीपुरती उघडतात. वास्तविक वर्षभरात कोणता उपक्रम केव्हा आहे, कोणत्या टीचरकडे आहे आणि कशाचे फॉर्म केव्हा भरायचे आहेत, याचा बराचसा पत्ता या वहीत सापडतो. मुंबईच्या उपनगरातील एका कॅथलिक मुलींच्या हायस्कुलात मी अनेक वर्षे चित्रकला शिकवली आणि गाइडची कंपनी, म्हणजे शाळेतले गाइड पथकही सांभाळले. त्या काळात पालक ज्या चुका पुन्हा पुन्हा करताना पाहिल्या आणि ज्या काही आम्हा शिक्षकांकडूनही झाल्या, त्या टाळता याव्यात म्हणून हा लेख आहे. तो प्रामुख्याने महाराष्ट्र राज्य मंडळाच्या शाळांना धरून लिहिला आहे. आयसीएसई शाळांचा उल्लेख गरजेपुरता येईल.

पहिली पायरी: कॅलेंडर वाचून तीन रंगांत खुणा करणे

पहिल्याच रविवारी मुलीला शेजारी बसवून कॅलेंडर सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचावे आणि उपक्रमांवर तीन वेगवेगळ्या रंगांनी खुणा कराव्यात. सर्वांना सक्तीचे असलेले उपक्रम एका रंगात, ज्याला हवे त्याने नाव द्यावे असे दुसऱ्या रंगात आणि निवड होऊनच ज्यांत जाता येते असे तिसऱ्या रंगात. सक्तीच्या गटात कवायत, हाउसच्या (शाळेतल्या गटांच्या) स्पर्धा, मूल्यशिक्षण आणि नववी-दहावीत श्रेणी मिळणारे विषय येतात. आयसीएसईत समाजोपयोगी उत्पादक कार्य आणि समाजसेवा यांची श्रेणी शाळाच देते आणि तिच्याशिवाय उत्तीर्ण होता येत नाही, ही गोष्ट अनेक पालकांना दहावीतच कळते. राज्य मंडळात नववी-दहावीला संरक्षणशास्त्राऐवजी गाइड, एनसीसी किंवा आरएसपी (रस्ता सुरक्षा दल) यांसारखा पर्याय घेता येतो. आपल्या शाळेत यांपैकी प्रत्यक्षात काय चालते, हे आठवीतच विचारून ठेवावे.

कॉन्व्हेंटच्या वर्षाला सणांची एक वेगळी चौकट असते आणि ती ठाऊक असली की वेळेचा अंदाज चुकत नाही. १५ ऑगस्टला ध्वजवंदनाबरोबरच मरिया मातेच्या स्वर्गउन्नयनाचा सण असतो, त्यामुळे त्या सकाळी समूहगान, संचलन आणि प्रार्थना या तिन्हींच्या तालमी एकमेकींत अडकतात. ८ सप्टेंबरला मरिया मातेचा जन्मदिन येतो आणि त्यानंतरच्या रविवारपासून आठवडाभर वांद्र्याला माउंट मेरीची जत्रा भरते; त्या परिसरातल्या शाळेत मुलगी असेल तर त्या आठवड्यात शाळा सुटल्यानंतरचा सराव आणि घरी पोहोचण्याची वेळ यांचा मेळ बसत नाही, हे गृहीत धरावे. शिवाय शाळा ज्या धर्मभगिनींच्या संघाची आहे, त्या संघाचा सण असतोच. कार्मेलच्या शाळांत तो १६ जुलैला येतो, सेलेशियन सिस्टरांच्या शाळांत ३१ जानेवारीला डॉन बॉस्कोंचा दिवस साजरा होतो. असा सण जवळ आला की आधीचे आठ-दहा दिवस शाळेचे सगळे लक्ष स्टेजकडे असते.

दुसरी पायरी: तासांचा खरा हिशेब

उपक्रमाची वेळ शाळा सांगते तेवढीच कधी नसते. सकाळच्या सत्रातल्या मुलीचा आठवड्यातून तीन दिवस दीड-दीड तास सराव असेल, तर कागदावर साडेचार तास होतात. पण त्या तीन दिवशी तिची स्कूलबस चुकते, म्हणून येण्याला प्रत्येकी अर्धा तास जास्त लागतो. घरी आल्यावर जेवण आणि पाऊण तास आडवे होणे ठरलेलेच असते. असे धरले की साडेचारचे सव्वाआठ तास होतात. हा हिशेब मुलीकडूनच कागदावर मांडून घ्यावा. स्वतः मांडलेली बेरीज बघून मुली अनेकदा आपणहून एखादे नाव वगळतात आणि मग आईला काही बोलावेच लागत नाही.

माझा अनुभव असा की सातवीपर्यंत तीन आणि त्यापुढे दोन उपक्रम एवढीच मर्यादा झेपते. त्यांतला निदान एक सलग तीन-चार वर्षे चालणारा असावा. दरवर्षी नवे काहीतरी सुरू करणाऱ्या मुलीच्या फाइलमध्ये सहभागाची प्रमाणपत्रे खूप जमतात, पण त्यांतल्या एकाही गोष्टीत ती दुसरीला शिकवण्याइतकी तयार झालेली नसते.

तिसरी पायरी: निवड करताना कोणता प्रश्न विचारावा

पालक विचारतात, ‘याचे मार्क मिळतात का?’ मार्कांकडे पुढे वळूच. त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: या उपक्रमात ऐनवेळी काही बिघडले, तर ते कोण निस्तरते? टीचरच धावत असतील, तर मुलीला तिथे फक्त उभे राहायला शिकायला मिळेल. मुली निस्तरत असतील, तर तो उपक्रम घ्यावा, मग त्याचे नाव कितीही साधे असो.

फक्त मुलींच्या शाळेचा खरा लाभ इथेच आहे. इथे बाके उचलायला मुलगे नसतात, माईकची वायर लावायला कोणी दादा येत नाही, गोलरक्षकही मुलगी असते आणि हिशेबनीसही मुलगीच. एका वार्षिक समारंभात नाटकाच्या मधोमध एका बाजूचा आवाज गेला. आवाजाच्या यंत्रापाशी बसलेल्या नववीतल्या मुलीने एकेक वायर हाताने चाचपत सैल झालेला जॅक शोधला, दाबून बसवला, वर चिकटपट्टी लावली आणि पुढच्या वाक्याला आवाज परत आला. प्रेक्षकांतल्या फार थोड्यांना ते कळले. बक्षीस अर्थातच नायिकेचे काम करणाऱ्या मुलीला मिळाले. माझ्या मते त्या दिवशी सर्वांत जास्त शिकलेली मुलगी पडद्यामागे होती. म्हणून कॉन्सर्टसाठी नाव देताना मुलीला नाचात घ्यावे म्हणून टीचरांना गळ घालण्यापेक्षा प्रकाश, आवाज, वेशभूषेची नोंद किंवा मंचाची मांडणी यांपैकी एक काम मागून घ्यावे. ते मागणारे फारसे कोणी नसते, त्यामुळे ते मिळतेही.

चौथी पायरी: गाइड, लवकर सुरू करायचा उपक्रम

गाइडमध्ये मुलीला दहाव्या वर्षापासून घेता येते. त्याआधी ती ‘बुलबुल’ या लहान मुलींच्या शाखेत असते. भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संघटना ७ नोव्हेंबर १९५० रोजी स्थापन झाली आणि तिची चढण ठरलेली आहे: प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कार. प्रत्येक पायरीवर ठरावीक महिने काम करावेच लागते, त्यांत उड्या मारता येत नाहीत. म्हणून आठवीत नाव घालून दहावीच्या आत राष्ट्रपती पुरस्कार मिळवण्याची अपेक्षा ठेवणे व्यर्थ आहे. पाचवी किंवा सहावी हीच नाव घालण्याची वेळ.

आठवड्याला एक सभा होते आणि तिच्यात बाहेरून पाहणाऱ्याला खेळ आणि गाठी याखेरीज काही दिसत नाही. परंतु त्या गाठींकडे जरा जवळून पाहावे. रीफ गाठ शिकवताना आम्ही ‘उजवे डाव्यावर, डावे उजव्यावर’ असे मुलींकडून म्हणून घेत असू. नवी मुलगी हटकून दोन्ही वेळा उजवेच वर घेते. तयार झालेली गाठ दिसायला जवळपास तशीच असते, मात्र ताण दिला की सरकते. मग संघनायिका, म्हणजे तिच्याहून एखाद्या वर्षाने मोठी मुलगी, ती सोडते आणि काही न बोलता दोरीची दोन टोके पुन्हा तिच्या हातात देते. एका मुलीने दुसरीला चूक न सुनावता दाखवण्याची ही पद्धत मला वर्गात कधी इतकी चांगली जमली नाही.

पालकांनी तीन गोष्टी तपासाव्यात. एक, शाळेच्या कंपनीची चालू वर्षाची नोंदणी झालेली आहे का. दोन, गाइड कॅप्टन असलेल्या शिक्षिकेचे रीतसर प्रशिक्षण झाले आहे का. तीन, चाचणी शिबिरांच्या तारखा घटक चाचणीवर तर येत नाहीत ना. पहिल्या मुद्द्यावर जरा आग्रही राहावे. मला ठाऊक असलेल्या एका शाळेत नोंदणीचे नूतनीकरण कार्यालयाच्या टेबलावरच पडून राहिले आणि त्या वर्षीच्या मुलींची एक पायरी हुकली. कॅप्टनला विचारण्यात संकोच वाटू देऊ नये. ज्यांचे काम चोख असते त्या कॅप्टन नोंदवही लगेच उघडून दाखवतात.

एनसीसीची कनिष्ठ तुकडी शाळेत असेल तर तो वेगळा, अधिक कडक मार्ग आहे. तिथे ‘ए’ प्रमाणपत्रासाठी दोन वर्षांचे प्रशिक्षण, पुरेशी हजेरी आणि शिबिर लागते. गाइड आणि एनसीसी दोन्ही एकाच वेळी करण्याचा हट्ट धरू नये, कारण दोन्हींचा गणवेश, कवायत आणि शनिवार एकमेकांना छेद देतात.

पाचवी पायरी: रेखाकला परीक्षा

हा माझ्या विषयातला भाग असल्यामुळे थोडे सविस्तर लिहिते. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा शाळेमार्फत देता येतात. दहावीच्या निकालात वाढीव गुण फक्त इंटरमिजिएटचे मिळतात: ए श्रेणीला ७, बी श्रेणीला ५ आणि सी श्रेणीला ३. एलिमेंटरीचे गुण धरले जात नाहीत. तरीही ती आधी द्यावी, कारण इंटरमिजिएटचा सगळा पाया तिथेच घातला जातो. सातवी किंवा आठवीत एलिमेंटरी आणि आठवी किंवा नववीत इंटरमिजिएट, असा क्रम सोयीचा पडतो. दहावीसाठी ती शिल्लक ठेवू नये, कारण परीक्षा सहसा सप्टेंबरच्या अखेरीच्या सुमारास येते आणि त्याच वेळी दहावीची पहिली सत्र परीक्षा डोक्यावर असते.

तयारी कशी करावी? एलिमेंटरीत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिती-अक्षरलेखन असे भाग असतात. बहुतेक मुली वेळ घालवतात तो संकल्पचित्राच्या रंगात आणि गुण गमावतात ते स्मरणचित्रात. स्मरणचित्रासाठी क्लासचे ठरावीक नमुने पाठ करू नयेत. दररोज दहा मिनिटे एक साधी गोष्ट करावी: रिक्षा स्टँड, भाजीवाली, नळावरची रांग असे एखादे दृश्य येता-जाता दोन मिनिटे नीट पाहायचे आणि घरी आल्यावर माणसांच्या आकृत्या पेन्सिलीने मांडायच्या. रंग नको, खोडरबरही नको. तीन महिन्यांत हात सुटतो. पाठ केलेले बागेचे दृश्य परीक्षकांनी त्या दिवशी शंभरदा पाहिलेले असते.

पोस्टर रंगाबाबत एक बारीक सूचना करते. सप्टेंबरच्या दमट हवेत पहिला थर वाळायला वेळ लागतो आणि घाईने दुसरा थर दिला की खालचा रंग उखडून गढूळ होतो. म्हणून घरी सराव करताना घड्याळ लावून, पंखा बंद ठेवून एक तरी संकल्पचित्र पूर्ण करावे. परीक्षेच्या सभागृहात पंखा आपल्याच डोक्यावर असेल, याची खात्री कोणी देत नाही.

सहावी पायरी: विज्ञान, संगीत आणि मैदान

मुंबईच्या विज्ञान शिक्षक संघटनेची होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा १९८१ पासून चालू आहे आणि ती फक्त सहावी आणि नववीच्या विद्यार्थ्यांसाठी असते. लेखी परीक्षा, प्रात्यक्षिक आणि शेवटी कृतिसंशोधनाचा प्रकल्प व मुलाखत असे तिचे टप्पे आहेत. महागडे क्लास लावून लेखी टप्पा पार होतो. प्रकल्पात मात्र मुलीने स्वतः घेतलेल्या नोंदी नसतील तर मुलाखतीत ते पहिल्या दोन प्रश्नांतच उघडे पडते. सहावीत ही स्पर्धा द्यायची असेल तर पाचवीच्या उन्हाळ्यात विचार सुरू करावा.

संगीतात दोन वाटा असतात. कॉन्व्हेंटमध्ये पियानो आणि कॉयरची परंपरा असल्यामुळे लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या किंवा एबीआरएसएम या ब्रिटिश संगीत मंडळाच्या श्रेणी परीक्षांकडे ओढा असतो. त्यांचे शुल्क बरेच असते आणि एबीआरएसएममध्ये सहाव्या श्रेणीच्या आधी पाचव्या श्रेणीची संगीतशास्त्राची परीक्षा द्यावी लागते, हे सुरुवातीलाच लक्षात घ्यावे. दुसरी वाट गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा या परीक्षांची. मराठी घरांतल्या अनेक मुली घरी हार्मोनियमवर भूप म्हणतात आणि शाळेत कॉयरमध्ये आल्टोचा, म्हणजे खालच्या पट्टीचा, स्वर धरतात. दोन्ही जमतात आणि एकमेकांना मदतच करतात. फक्त दोन्हींच्या परीक्षा एकाच वर्षी घेऊ नयेत. कॉयरसाठी वेगळे शुल्क सहसा नसते आणि मुलीला दुसऱ्याचा आवाज ऐकत गाण्याची सवय लागते, म्हणून एकच गोष्ट निवडायची झाली तर मी कॉयर सुचवीन.

मैदानावर थ्रोबॉल आणि बास्केटबॉल हे मुलींच्या कॉन्व्हेंटचे खास खेळ. थ्रोबॉलमध्ये चेंडू झेलून तीन सेकंदांच्या आत फेकायचा असतो, त्यामुळे उंची नसलेली पण चटकन निर्णय घेणारी मुलगीही संघात टिकते. क्रीडा खात्याच्या शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात. मुलीचा जन्म वर्षाच्या कोणत्या टोकाला आहे यावरून ती एखाद्या गटात सर्वांत मोठी ठरते की सर्वांत लहान, आणि निवडीत त्याने मोठा फरक पडतो. हे गणित क्रीडा शिक्षकांना विचारून घ्यावे.

आणखी एक गोष्ट आहे, जिच्याविषयी माहितीपत्रकात कोणी लिहीत नाही. कवायतीचा गणवेश बहुतेक शाळांत पांढरा असतो. सहावी-सातवीपासून कित्येक मुली महिन्यातल्या त्या दिवसांत सरावाला दांडी मारतात ती दुखण्यामुळे नव्हे, तर डागाच्या भीतीने. आणि तीन महिन्यांत दोनदा दांडी झाली की संघातली जागा जाते. आत गडद रंगाची आखूड पँट, बॅगेत एक जादा स्कर्ट आणि सिकरूममध्ये पॅड कुठे ठेवलेले असतात याची माहिती, एवढी तयारी करून दिली की ही अडचण बहुतांशी सुटते. वर्गशिक्षिकेशी हे एकदा मोकळेपणाने बोलून ठेवावे.

सातवी पायरी: धर्माचा प्रश्न आणि सेवेचा तास

शाळा कॅथलिक आहे, मग बिगर ख्रिस्ती मुलीला प्रार्थनेला किंवा मिसाला (कॅथलिक उपासनेला) बसवतील का, हा प्रश्न पालक मनात ठेवतात आणि विचारत नाहीत. राज्यघटनेच्या कलम २८(३) प्रमाणे मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेत कोणालाही त्याच्या, आणि तो अल्पवयीन असल्यास पालकाच्या, संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. प्रत्यक्षात शाळांची व्यवस्थाही तशीच असते: कॅथलिक मुली धर्मशिक्षणाच्या तासाला वेगळ्या खोलीत जातात आणि बाकीच्या मूल्यशिक्षणाला बसतात. सकाळच्या असेंब्लीतली प्रार्थना किंवा नाताळचा गव्हाणीचा देखावा याविषयी आपली काही भूमिका असेल तर ती जूनमध्येच सिस्टरांना भेटून, शांतपणे सांगावी. डिसेंबरमध्ये, तालमी रंगात आलेल्या असताना मुलीला एकदम मागे ओढले की तिची कोंडी होते.

सेवेच्या उपक्रमांत मात्र सर्व धर्मांच्या मुली एकत्र असतात आणि कॅथलिक शाळांचे हे खरोखर बलस्थान आहे. वायसीएस (यंग ख्रिश्चन स्टुडंट्स), आणि बिगर ख्रिस्ती मुलींसाठी वायएसएम (यंग स्टुडंट्स मूव्हमेंट), हे विद्यार्थी गट ‘पाहा, पारखा, कृती करा’ या क्रमाने चालतात. ही पद्धत बेल्जियमचे धर्मगुरू जोसेफ कार्डिन यांच्या कामगार चळवळीतून आलेली आहे. गट चांगला चालत असेल तर मुली आधी पाहतात, उदाहरणार्थ शाळेच्या शिपाईमावशींना दुपारचे जेवायला जागा कुठे आहे, मग त्याचे कारण शोधतात आणि नंतर काहीतरी करतात.

सेवा किती खोल जाऊ शकते याचे सर्वांत ठळक उदाहरण कोलकात्याचे आहे. सिआल्दा येथील लोरेटो डे स्कूलमध्ये सिस्टर सिरिल मूनी १९७९ मध्ये मुख्याध्यापिका झाल्या आणि १९८५ च्या सुमारास त्यांनी रस्त्यावर राहणाऱ्या मुलींसाठी शाळेची दारे उघडली. शाळेच्या नियमित विद्यार्थिनी कार्यानुभवाच्या तासाला या मुलींना एकास एक शिकवत असत. तो वेळापत्रकातला तास होता, वर्षातून एकदा बिस्किटांचे पुडे वाटण्याचा कार्यक्रम नव्हता. सिस्टर सिरिल यांना २००७ मध्ये पद्मश्री मिळाली. आपल्या शाळेतील सेवेचा उपक्रम तोलताना हेच पाहावे: मुली त्याच माणसांकडे पुन्हा पुन्हा जातात का? दिवाळीत एकदा वृद्धाश्रमात जाऊन गाणे म्हणून फोटो काढून परत येणे, याला उपक्रम म्हणणे मला जड जाते. महिन्यातून दोनदा, त्याच आजींना, त्याच मुलीने वर्तमानपत्र वाचून दाखवले तर तो उपक्रम ठरतो. शाळेत असे काही नसेल तर चार पालकांनी मिळून सिस्टरांकडे तसा प्रस्ताव न्यावा. मी पाहिलेल्या बहुतेक सिस्टर अशा प्रस्तावाला नाही म्हणत नाहीत, फक्त जबाबदारी कोणाची, ते कागदावर मागतात.

आठवी पायरी: पैसे आणि सुरक्षितता

शुल्काची चौकशी करताना तीन आकडे वेगवेगळे विचारावेत: शाळेच्या शुल्कात काय येते, बाहेरच्या प्रशिक्षकाला वेगळे काय द्यायचे आणि गणवेश, साहित्य, परीक्षा व प्रवास यांवर किती जाते. तिसरा आकडाच अनेकदा सर्वांत मोठा निघतो. एका नाचासाठी भाड्याने आणलेला पोशाख दोन तास अंगावर राहतो आणि त्यासाठी घरकाम करणाऱ्या आईला उसनवारी करावी लागते, हे मी पाहिले आहे. शुल्क विनियमनाच्या २०११ च्या कायद्याप्रमाणे शाळेत पालक-शिक्षक संघ आणि त्याची कार्यकारी समिती असते. पोशाखावरील खर्चाला मर्यादा घालण्याचा विषय तिथे मांडता येतो. अडचण असेल तर ती वर्गशिक्षिकेला खासगीत सांगावी. कॉन्व्हेंटमध्ये जुने गणवेश आणि वाद्ये पुन्हा वापरण्याची सोय असते, पण ती फलकावर लिहिलेली नसते.

बाहेरगावच्या शिबिराला किंवा सामन्याला पाठवताना लेखी संमतिपत्रावर सही करण्याआधी सोबत किती शिक्षिका आहेत, मुक्काम कुठे आहे, परतीची वेळ काय आणि संपर्काचा क्रमांक कोणाचा, हे चारही तपशील भरलेले पाहावेत. बाहेरून येणारा प्रशिक्षक एकट्या मुलीचा सराव बंद खोलीत घेत नाही ना, हे स्पष्ट विचारावे. राज्य शासनाने २०२२ मध्ये शाळांसाठी सखी सावित्री या सुरक्षिततेविषयीच्या समितीची तरतूद केली. आपल्या शाळेत तिच्या सदस्या कोण, हे मुलीलाही ठाऊक असावे. १०९८ हा बालकांच्या मदतीचा क्रमांक कॅलेंडरच्या पहिल्या पानावर मुलीच्या हाताने लिहवून घ्यावा.

नववी पायरी: निवड झाली नाही तर

हेडगर्ल, म्हणजे मुख्य विद्यार्थिनी प्रतिनिधी, एकच असते, प्रीफेक्ट मोजक्याच. इन्व्हेस्टिचरच्या, म्हणजे पदग्रहणाच्या, सकाळी सॅश आणि बॅज लावलेल्या मुली वेदीपुढे किंवा स्टेजवर शपथ घेतात आणि मागच्या रांगेत कोणीतरी बुटांच्या नाडीकडे पाहत असते. त्या दिवशी घरी ‘शाळेत राजकारण आहे’ असे म्हणू नये, जरी ते कधीकधी खरे असले तरी. आठवडाभर जाऊ द्यावा आणि मग मुलीनेच निवड करणाऱ्या टीचरांना भेटून ‘पुढच्या वेळी मी काय वेगळे करावे?’ एवढे विचारावे. पालकांनी जाऊन वाद घातला तर उत्तर मिळत नाही, मुलीने विचारले तर बहुधा मिळते.

दहावी पायरी: नोंदी, प्रस्ताव आणि उपक्रम सोडण्याची वेळ

पाचवीपासून एक साधी फाइल ठेवावी. प्रमाणपत्राची मूळ प्रत प्लास्टिकच्या खिशात, त्याची छायाप्रत वेगळी आणि सोबत एका कागदावर तारीख, स्पर्धेचा स्तर आणि आयोजक. प्रमाणपत्रावरचे नाव शाळेच्या जनरल रजिस्टरमधील नावाशी अक्षर न् अक्षर जुळले पाहिजे. आईचे नाव, आडनावाचे स्पेलिंग किंवा जन्मतारीख चुकलेली असेल तर ती त्याच वर्षी दुरुस्त करून घ्यावी. दहावीच्या वाढीव गुणांचे प्रस्ताव, मग ते रेखाकलेचे असोत, खेळाचे किंवा शास्त्रीय संगीत-नृत्याचे, शाळेमार्फतच विभागीय मंडळाकडे जातात. दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच कार्यालयात कागद देऊन पोच घ्यावी आणि अखेरची तारीख विचारावी. ‘शाळा करेलच’ म्हणून गप्प बसलेल्या पालकांपैकी दोघांच्या मुलींचे गुण माझ्या डोळ्यांदेखत हुकले आहेत, आणि त्यात चूक शाळेचीही होती.

दहावीत सगळे बंद करावे का? माझे मत नाही असे आहे. नवे काही घेऊ नये, स्पर्धा घेऊ नयेत, पण जे चार वर्षे केले ते आठवड्यातून एक तास दिवाळीपर्यंत चालू ठेवावे. त्यानंतर उपक्रम सोडायचाच असतो आणि तो नीट सोडणे हेही काम आहे. आमच्या कंपनीत त्यासाठी एक दिवस ठरलेला असे. दहावीची संघनायिका दोऱ्यांची पेटी उघडून एकेक दोरी मोजून दाखवी, कोणती विरली आहे ते सांगे, नोंदवहीतल्या राहिलेल्या सह्या माझ्याकडून घेई आणि कपाटाची किल्ली नववीतल्या मुलीच्या हातात देई. एका वर्षी किल्ली घेणाऱ्या मुलीने तिथल्या तिथे पेटी पुन्हा उघडली आणि सगळ्या दोऱ्या स्वतः परत मोजल्या. देणारी जरा रागावली. दोरी एक कमी निघाली, आणि मग दोघी मिळून ती शोधायला मैदानात गेल्या.